डेव्हिएशनवर पास

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते वामनराव काशीकरांचे, आणि त्यांनी मला पहिल्याच भेटीत रिजेक्ट केलं होतं.

मलकापूरहून भोपाळच्या कारखान्यात नोकरीला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, त्यामुळे हिंदीसुद्धा आपल्याला येतेच, अशी माझी समजूत होती. फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी दूधवाला आभाळाकडे बघून म्हणाला, "भैया, आज ओले गिरेंगे." मी मनात म्हटलं, ओले तर ओले, कपडे काय वाळतील. सायकल काढली, आणि टाउनशिपच्या मधल्या रस्त्यावर बोराएवढ्या गारा डोक्यावर बसू लागल्या. तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरच्या फाटकातून एक हात आला आणि मला कॉलरला धरून व्हरांड्यात घेऊन गेला.

"ओले म्हणजे गारा," हाताचे मालक म्हणाले. "आणि 'पाला पडला' म्हणतील तेव्हा झाडू काढू नकोस. दव गोठलंय असं समज. गाव कुठलं?"

"मलकापूर."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रिजेक्ट," असं म्हणून त्यांनी आत हाक मारली, "अगं, दोन चहा. एक डेव्हिएशनवर."

हे आमचे काशीकर काका. कारखान्यात माल तपासणारे इन्स्पेक्टर. त्यांच्यासाठी जगात तीनच गोष्टी होत्या: पास, रिजेक्ट आणि डेव्हिएशनवर पास. तिसऱ्याचा अर्थ असा, की वस्तू मापात नाही, पण काम भागेल. तेव्हा जबाबदारी आपल्यावर घेऊन सही करायची. कारखान्यात ते अशी सही क्वचितच करत. त्यांचे वरिष्ठ या हट्टापायी वैतागून जायचे. काका घरीही तसेच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीचा ताल रिजेक्ट, मोदकाच्या कळ्या रिजेक्ट. कोणी मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाचा फोटो दाखवला, तर हे चष्मा वर करून म्हणत, "कान समांतर नाहीत." लोकांनी फोटो दाखवणं बंद केलं.

भोपाळच्या वसंतावर तर त्यांचा विशेष राग. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, संध्याकाळी छत्री. "हा ऋतू कोणी तपासून पाठवलेला दिसत नाही," असं ते रोज म्हणायचे.

क्वार्टरमागच्या बागेत मात्र काकांचा कायदा उलटा चाले. तिथे शेपूट तुटलेली एक खार होती. "लांबी कमी आहे. डेव्हिएशनवर पास." मेथीच्या वाफ्यातून ऐटीत जाणारं मुंगूसही पास. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून एक लिंबाचं झाड वाढलं होतं, वाकडं आणि काटेरी. त्याला कधी लिंबू लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"हे तरी रिजेक्ट करा," काकू म्हणायच्या. "माझं पातळ फाटतं रोज."

"पातळ दुसरं घे."

मी त्यांच्याच खात्यात होतो. माझं इंग्रजी मलकापूरच्या शाळेतलं. रिपोर्ट लिहिताना घाम फुटायचा. काकांनी मला रोज संध्याकाळी टोमॅटोच्या वाफ्याशेजारी बसवून रिपोर्ट लिहायला शिकवलं. एक हात मातीत आणि तोंडाने, "अरे मलकापूर, वाक्याला क्रियापद लागतं." नाव त्यांनी माझं कधी घेतलंच नाही. माझी नोकरी कायम झाली, त्या पगारावर धाकट्या भावाचं कॉलेज झालं. हे सगळं त्या वाफ्यावरचं पीक आहे असं मी मानतो.

काकांच्या निवृत्तीच्या वर्षी फाल्गुनात बुलबुलाच्या जोडीने त्या लिंबावर घरटं केलं. वाटीएवढं, आणि माझ्या छातीच्या उंचीवर. काका रोज पाहणी करत. मादी त्यांच्या टकलावर चोच मारायला यायची. काका खूष. "सिक्युरिटी चोख आहे."

मग एका दुपारी आभाळ काळं झालं. मी फाटकातून धावत आत गेलो तर काका कारखान्याचं हेल्मेट घालून लिंबाखाली उभे, आणि छत्री घरट्यावर धरलेली. गारा हेल्मेटवर टणाटण वाजत होत्या.

"अहो, आत या!" काकू दारातून ओरडल्या. "टेंगूळ आलं तर मी पास करणार नाही हं!"

गारा थांबेपर्यंत ते हलले नाहीत. आठवड्याने अंड्यांतून तीन पिल्लं बाहेर आली. गुलाबी आणि नुसती चोच उघडणारी.

नेमकी तेव्हाच चुना मारणारी माणसं क्वार्टर पाहायला आली. निवृत्तीच्या दिवशीच क्वार्टर सोडतो, असं काकांनी आधीच लिहून दिलं होतं. नियमाने त्यानंतरही काही दिवस राहता आलं असतं, पण उगाच मुदत मागणं त्यांना मंजूर नव्हतं. मुकादमाने लिंबामागच्या भिंतीची ओल हात लावून पाहिली. "सीलन है. ये पेड़ तो जाएगा."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर बसवून क्वार्टर वाटपाच्या ऑफिसात नेलं. माणसाने जन्मात काही मागितलेलं नव्हतं, त्यामुळे कसं मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. खिडकीवर नवीन बदलून आलेले सक्सेनाबाबू होते.

"पंद्रह दिन और चाहिए," काका म्हणाले. "बुलबुल के बच्चे अभी छोटे हैं."

"अच्छा? कितने दिन के?"

"परसों ही निकले. तीन हैं."

"तीन!" सक्सेनाबाबू खुर्चीतून उठलेच. "अरे दादा, आप खड़े क्यों हैं? बैठिए. और माँ कैसी है?"

"किसी को पास नहीं आने देती."

"पहली बार में ऐसा ही होता है. बिटिया एक ही है आपकी?"

मी हसू दाबत काकांकडे पाहिलं. आता ते सक्सेनाबाबूंना रिजेक्ट करणार, याची मला खात्री होती. काकांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. टेबलावरचा पेपरवेट थोडा सरकवला.

"हाँ," ते म्हणाले. "एक ही है."

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. अख्ख्या टाउनशिपला ठाऊक होतं, सक्सेनाबाबू सोडून.

पंधरा दिवसांच्या मंजुरीचा कागद खिशात घालून काका स्कूटरवर बसले. फाटकाशी उतरल्यावर म्हणाले, "माल चुकीचा होता रे. मला रिजेक्ट करवेना."

दुसऱ्या दिवशी सक्सेनाबाबूंच्या घरून डबा आला. डिंकाचे लाडू, तूप सुटलेले. काकूंनी झाकण उघडून विचारलं, "हे बाळंतिणीचे लाडू कोणासाठी?"

"बुलबुलसाठी," काका म्हणाले, आणि ऑफिसात काय झालं ते त्यांनी सांगितलं.

 काकूंनी एक लाडू कुस्करला आणि लिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. पातळ फाटलं, तरी तक्रार केली नाही. उरलेले आम्ही तिघांनी खाल्ले.

पिल्लं उडाली आणि मग काका-काकू साताऱ्याला पुतण्याकडे राहायला गेले. मी नवीन येणाऱ्या गृहस्थांशी बोलून काकांचं क्वार्टर माझ्याकडे बदलून घेतलं. झाड तोडू दिलं नाही, त्यामुळे भिंतीची ओल अजून आहे. पुढच्या फाल्गुनात मी त्यांना पत्र टाकलं:

"तीर्थरूप काका आणि काकू यांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा ओले पडले. मी हेल्मेट घालून उभा होतो. टोमॅटो निम्मे रिजेक्ट. खार मजेत आहे, लांबी तेवढीच. लिंबाला एक फूल आलं आहे, पण ते मी अजून पास केलेलं नाही, तुम्ही बघून ठरवा.

सक्सेनाबाबू काल फाटकाशी थांबले होते. बिटिया कशी आहे, विचारत होते. छान आहे म्हणालो.

काका, त्याच फांदीवर, तेवढ्याच उंचीवर. मला जवळ येऊ देत नाही. तुमची बुलबुल बाळंतपणाला माहेरी आली आहे. अशा वेळी तुम्ही दोघं इथे असायला हवं.

तुमचा,
मलकापूर"