कंसातलं गाव

"व्हेरिएबल म्हणजे पोतं, सबिनादीदी! कितीबी कोंबा!" शर्टांच्या कारखान्यातल्या हंगामी सम्मेदनं संगणकाचं काम शिकवणाऱ्या दीदींना छाती फुगवून सांगितलं.

नदीचं पाणी रस्त्यांवर आलं होतं. कारखान्याचे मालक आप्पासो यांचं फर्मान निघालं: रस्ता अजून कोरडा असलेल्या उचगाव, सरनोबतवाडी आणि गांधीनगरच्या कामगारांनी उद्या यायचंच, बाकीच्यांना सुट्टी. बंगळूरचं बडं गिऱ्हाईक शहरात मुक्कामाला आलेलं. त्याला सकाळी यंत्रं धडधडताना दाखवायची होती. मोबाइलवर निरोप धाडायचं काम सम्मेदकडं. नीट झालं, तर नोकरी कायम!

प्रोग्राममध्ये एसक्यूएलची, म्हणजे हजेरीपटातून नावं निवडायच्या संगणकी भाषेतली, अट होती: कंसात नसलेल्या गावांना सुट्टी.

"तीन गावं, कंसात तीन व्हेरिएबल घाल," सबिनादीदी म्हणाल्या.

"एकातच बसवतो की!" सम्मेदनं स्वल्पविराम देत तिन्ही नावं एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबली.

"चाचणी?"

"पोहणाऱ्याला बादलीत बुडी मारून दाखवायला लावता व्हय?" त्यानं बटण दाबलं.

सकाळी कारखाना एवढा शांत, की गेटवरचं कुत्रंसुद्धा दबकून भुंकत होतं! मागच्या कचेरीत दीदींशेजारी बसलेल्या सम्मेदला आप्पासोंचा फोन आला.

"सम्या, पावण्यांचा फोन आलता! गेटवर थांबल्यात. म्हणत्यात, आत माणूस न्हाय!"

"तुम्ही कुठं हाय, आप्पासो?"

"घरात! हजेरीपटावर माझंबी नाव हाय, गाव उचगाव. मलाबी सुट्टीचा निरोप आला की! म्हटलं, पावणं यायचं रद्द झालं असंल."

सबिनादीदी पडद्याकडं बघून हसू लागल्या. "अरे, संगणकाला वाटलं, 'उचगाव, सरनोबतवाडी, गांधीनगर' हे एकाच गावाचं नाव! त्या गावात कोण राहतं?"

"कुणीच न्हाय."

"मग सगळेच कंसाबाहेर. सगळ्यांना सुट्टी!"

तीन व्हेरिएबल करून त्यांनी नवा निरोप धाडला. माणसं येईतो यंत्र चालतं दिसावं म्हणून सम्मेद स्वतः शिलाईला बसला. पावण्यांनी त्याचा शर्ट उचलून पाहिला. दोन्ही बाह्या एकाच बाजूला!

"एकातच बसवल्या वाटतं," दीदी पुटपुटल्या.

तेवढ्यात कामगार आले, यंत्रं धडधडली, पावणे खूश होऊन गेले. संध्याकाळी आप्पासोंनी सम्मेदला बोलावलं.

"तुला कायम केलं! वर नव्या शाखेचा मॅनेजर!"

सम्मेद पाया पडायला वाकला. "कुठली शाखा, आप्पासो?"

"उचगाव-सरनोबतवाडी-गांधीनगर. गाव सापडलं की हजर हो. तवर हंगामीच!"