साहेबांसाठी नुसता चिखल

चिखलाचा श्वास मोजण्यात माझा हात धरणारं अख्ख्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर कुणी नव्हतं! हसू नका. पासष्ट-सहासष्ट सालची गोष्ट. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि मी कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, उमेदवारीवर होते.

आमच्या पावडरीचा फेस नाल्यातून खाडीत जाई आणि कापसाच्या गंजीसारखा तरंगत राही. ती पावडर कुजते का, हे तपासायचं होतं. दोन बाटल्यांत खाडीचा चिखल घ्यायचा. एकीत किंचित पावडर टाकायची. चिखलातले जंतू ती खातात आणि आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो नळीतून चुन्याच्या निवळीत गेला, की निवळी दुधाळ होते. पावडरवाल्या बाटलीची निवळी जास्त दुधाळ, तर पावडर पास! आत शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना काळा कागद गुंडाळलेला.

"मंगळवारी शेटजी येतायत," आमचे दिघेसाहेब म्हणाले. "पावडर पास झाली तर तुम्ही कायम. नाही तर..." आणि ते चष्मा पुसू लागले.

चिखल आणून द्यायची माझी भागीरथीआत्या, खाडीकाठच्या दिवाळे गावची कोळीण. तिच्याकडून बरणी भरून आली, मी ती बाटल्यांत ओतली, आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर पावडरवाल्या बाटलीची निवळी म्हशीच्या दुधासारखी! दिघेसाहेब नाचायचे तेवढे राहिले. मला मात्र धास्ती. जंतू इतके खादाड? तेवढ्यात बाटलीत 'टप' झालं.

"साहेब, आत कोणीतरी उडी मारली!"

"बुडबुडे असतील, बाई."

"बुडबुडे दम खाऊन उड्या मारतात?"

"दमयंतीबाई, कायम व्हायचंय ना?"

मी वहीत 'दुधाळ' असं लिहून टाकलं.

मंगळवारी शेटजी आले. दुधाळ निवळी पाहून खूश! "हे जंतू दिसतात का हो?"

"छे, शेटजी! सूक्ष्मदर्शकाशिवाय अशक्य."

तरी शेटजींनी काळा कागद सोलला आणि काचेला नाक लावलं. आतून दोन बटबटीत डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं!

"दिघे! जंतू माझ्याकडे बघतोय!"

चिखलात राहणारी निवटी होती ती. मासळीच! निवळी दुधाळ झाली होती ती तिच्याच श्वासाने. चाचणी बाद, आणि पुन्हा करायचा हुकूम.

संध्याकाळी आत्याला गाठलं. "अगं, बरणीत निवटी कशी आली?"

"मंग? सायबाला नुसता चिखल धारू? लोकां काय म्हनतील! चांगली जित्ती बगून टाकली व्हती. कालवन केला का न्हाय त्यानी?"

मी हात जोडले. "आत्या, माझी नोकरी जाईल. या वेळी फक्त चिखल दे!"

तिने दिला. या खेपेला बाटल्या शहाण्यासारख्या गप्प. पण निवळीही गप्प! दुसऱ्या दिवशी तशीच, तिसऱ्या दिवशीही विहिरीच्या पाण्यासारखी नितळ. दोन्ही बाटल्यांत श्वास म्हणून नाही! दिघेसाहेब पांढरे पडले. मी धावत दिवाळ्याला.

"न्हाय गो, काय पन टाकला न्हाय, तुजी शपत!" आत्या म्हणाली. "पन सायबाला तसा घान वासाचा चिखल कसा देव? चुलीवर चांगला शिजवून दिला!"

मी कायम झाले, पण प्रयोगशाळेत नाही; पावडरीचे पुडे भरायच्या खात्यात. घरात तोंड पाडून बसले होते, तर आत्या पेढे घेऊन हजर.

"बरा झाला गो, पोरी! एकदाची चिखलातून सुटलीस!"