मच्छिंद्रची जीप जुन्यासारखी होते

घोटणवाडीच्या मच्छिंद्रला सरकारी पाकीट आलं. त्याची जीप म्हातारी झाली असून तिने या महिन्याच्या एकतीस तारखेच्या आत भंगारात जावे, असा आतला मजकूर होता. भाषा अत्यंत नम्र होती. जीपने सोबत स्वतःचे दोन फोटो आणि मालकाच्या आधारकार्डाची छायाप्रत न्यावी, असंही त्यात सुचवलं होतं. मच्छिंद्र दहावी शिकलेला असल्यामुळे पत्र त्याला वाचता आलं. समजलं मात्र नाही, त्यासाठी सरकारी नोकरीत असावं लागतं.

घोटणवाडी राजूरच्या वर डोंगरात आहे. एसटी डांबर संपतं तिथपर्यंत येते आणि आपलं कर्तव्य संपल्यासारखी मागे वळते. तिथून वाडीपर्यंत सहा किलोमीटरचा जो प्रकार आहे त्याला कागदोपत्री रस्ता म्हणतात. पावसाळ्यात त्याला ओढा म्हणतात आणि ओढ्याचा तसा आग्रहच असतो. या सहा किलोमीटरवर चालणारं एकच वाहन होतं, मच्छिंद्रची जीप. त्याच्या बापानं नगरला लष्कराच्या लिलावात ती घेतली होती. पेट्रोलचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं होतं. डावा दिवा ट्रॅक्टरचा, उजवा मोटारसायकलचा, छप्पर ताडपत्रीचं आणि दार एकच, तेही दोरीनं बांधलेलं. बाजारच्या दिवशी तिच्यात एकोणीस माणसं बसत. कोंबड्या धरल्या तर आकडा वाढायचा. पान लागलेली, म्हणजे साप चावलेली माणसं, अडलेल्या बायका, तांदळाची पोती, सगळं त्या जीपनंच खाली नेलं. मच्छिंद्रची पोर सृष्टीही तिच्यातच जन्मली, ओढ्याच्या अलीकडे.

"वाईच दामटली असती तर पोर दवाखान्यात झाली असती," असं त्याची बायको छबूबाई अजून ऐकवते. पोर आता बारावीला आहे.

तर अशी ही जीप गेली, तर साठ उंबऱ्यांची वाडी पायावर येणार होती. मच्छिंद्रला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सृष्टीनं पत्राच्या मागची बारीक अक्षरं वाचली. वाहन 'वारसा-रांगडे' या प्रवर्गात मोडत असल्यास त्यास भंगारातून सूट मिळेल, त्यासाठी जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा.

"झालं की मग," मच्छिंद्र म्हणाला. "आपल्या गाडीपेक्षा रांगडी कोन हाय जिल्ह्यात?"

माणूस भाबडा होता. हा प्रवर्ग त्याच्यासाठी निघालेलाच नव्हता. गेली काही वर्षं बाजारात जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या गाड्यांची लाट आली आहे. त्यातल्या 'सह्यवीर' नावाच्या गाडीची जाहिरातच अशी होती : आजोबांची छाती, नातवाचा एसी. ती घेणाऱ्यांना चारचौघांत एकच बोचणी असायची, कुणीतरी फटकळ म्हातारा हमखास म्हणायचा, "दिसायला बरी आहे, पण जुन्या जीपची सर नाही." एवढे हप्ते भरून हे ऐकायचं म्हणजे काय! तेव्हा आपल्या गाड्या खरोखर रांगड्या आहेत असा सरकारनंच दाखला द्यावा, अशी मागणी पुढे आली आणि मागणी करणारे सगळे चांगल्या घरातले असल्यामुळे ती सहा आठवड्यांत मान्य झाली.

समितीवर तज्ज्ञ सदस्य म्हणून राहात्याचे दंतवैद्य डॉ. सुहास धर्माधिकारी यांची नेमणूक झाली. त्यांच्याकडे आठ महिन्यांपासून सह्यवीर होती, हीच त्यांची तज्ज्ञता. चारही चाकांना जोर देणारा खटका त्यांनी एकदा ओढून पाहिला होता, शोरूममध्ये, आणि लगेच जपून जागेवर ठेवला होता. दर रविवारी ते राहात्याहून शिर्डीला डांबरी रस्त्यानं मोहिमेवर जात. परत आल्यावर वॉशिंग सेंटरवर गाडी आधी स्वच्छ धुऊन घेत आणि मग दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर चिखलाचा फवारा मारून घेत. चिखल कोपरगावचा असे, तिथला रंग उठून दिसतो.

पाहणीचा दिवस उजाडला. डॉक्टर आणि समितीचे लिपिक राधाकृष्ण सह्यवीरमधून वाडीकडे निघाले. डांबर संपल्यावर गाडी थोडी गंभीर झाली. ओढ्याच्या काठावर पडद्यावर अक्षरं उमटली : 'पुढे पाणी आहे. आपण परत जाऊ इच्छिता?' डॉक्टरांच्या आत कुठेतरी मावळा जागा झाला आणि त्यांनी 'नाही' दाबलं. मधोमध गेल्यावर गाडी बंद पडली, दारं आपोआप लागली आणि पडदा म्हणाला, 'कृपया जवळच्या अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.' मोबाईलला रेंज नव्हती. पाणी पोटरीएवढं होतं.

तेवढ्यात वरून मच्छिंद्रची जीप आली, बाजारचा दिवस होता. मच्छिंद्रनं साखळी लावली आणि सह्यवीरला ओढून काठावर आणलं. जीपमधलं एकही माणूस खाली उतरलं नाही, कारण उतरलं की जागा जाते.

"तुमीच का पडताळनीवाले?" मच्छिंद्रनं हात पुसत विचारलं. "मग काय, झाली का न्हाई परीक्षा?"

"अजून सुरूच झालेली नाही," डॉक्टर पायमोजे पिळत म्हणाले. "राधाकृष्ण, गुणपत्रक काढा."

गुणपत्रक शंभर गुणांचं होतं. दोन्ही दिवे गोल व एकसारखे, वीस गुण. बाहेरून दिसणारे नटबोल्ट, दहा गुण, खोटे चालतील, खरे असल्यास गंज नसावा. पाण्यात इंजिनला श्वास घेता यावा म्हणून वर काढलेली नळी, पंधरा गुण, आरपार असण्याची अट नाही. चिखल एकसमान असावा. जीपवरच्या चिखलात शेण आणि कोंबड्यांचं योगदान आढळल्यामुळे तो अपात्र ठरला. चढण, ओढा, ओझं यांना रकानाच नव्हता. जीपचा आवाज डॉक्टरांनी मोबाईलमध्ये टिपून घेतला, पण त्यालाही गुण नव्हते. जीपला अकरा गुण मिळाले. त्यातले चार चाकं चार असल्याबद्दल होते.

"ही जुन्या जीपसारखी दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"अवो डाक्टर, ही जुनी जीपच हाय. तिच्यासारखी ती न्हाई तर कोन दिसनार?"

"हेच तुम्हा लोकांना कळत नाही. जुनं असणं वेगळं आणि जुनं दिसणं वेगळं. ट्रॅक्टरचा दिवा बघून माणसाचा भ्रमनिरास होतो. वारसा जपायचा असतो, मच्छिंद्र, वापरायचा नसतो."

अहवाल आठवड्यानं आला. त्यात ओढ्याचाही उल्लेख होता : 'सह्यवीर या वाहनाने परिस्थितीचे अचूक आकलन करून योग्य जागी थांबण्याचा निर्णय घेतला. अर्जदाराच्या वाहनात थांबण्याची अशी कोणतीही क्षमता आढळून आली नाही.'

मच्छिंद्र धावत नगरला गेला. राधाकृष्ण तसा पापभीरू माणूस, निवृत्तीला आलेला. त्यानं मच्छिंद्रला चहा पाजला आणि फाइल उघडून दाखवली.

"हे बघ, तुझी गाडी अस्सल ठरायची तर ती मंजूर नमुन्याशी जुळली पाहिजे. मंजूर नमुना म्हणजे सह्यवीर."

"पन सह्यवीर तर आमच्यासारख्या गाडीवरनंच काढलीया ना?"

"असेल. पण ते फाइलीत नाही. फाइलीत सह्यवीर आहे." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "शोरूममध्ये वारसा-संच मिळतो. तो बसवून घे आणि पुन्हा अर्ज कर. एकतीस तारखेच्या आत हो, बाबा. मला तुझी गाडी कापायला लावायची नाही."

शेरडं विकली, वाडीनं वर्गणी काढली आणि डांबर संपतं तिथं संच आला. जीप खाली आणून तो तिथंच बसवला. मच्छिंद्रनं स्वतःच्या हातानं बापाच्या जीपचे दिवे काढले, तेव्हा त्याला रडू आलं. मागची लांब बाकडी जाऊन तिथं पट्ट्याच्या दोन खुर्च्या बसल्या, एकोणिसातली पंधरा माणसं तिथल्या तिथं कमी झाली. श्वासाची नळी बॉनेटला चिकटवली, ती आतून भरीव होती. साखळी अडकवायचा लोखंडी हूक कापून लाल प्लॅस्टिकचा आला, त्याच्यावर 'ओढू नये' असं छापलेलं होतं. रुंद, गुळगुळीत चाकं आली. पाठीवर रिकामा न उघडणारा कॅन आला. बॉनेटवर एवढं सामान चढलं की समोरचा रस्ता कडेनंच काय तो दिसायचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं नाकच उरलं नव्हतं.

शेवटी आवाजाचा प्रश्न आला. जुनं इंजिन फार ओरडतं म्हणून ते दाबून टाकणारी पेटी बसवली. मग गाडी रांगडी वाटेना, म्हणून संचातला स्पीकर लावला. खटका दाबला की त्यातून जुन्या जीपचा दमदार आवाज येई. छबूबाईनं तो दोनदा ऐकला आणि पदर तोंडाला लावला.

"आवं, ह्यो तर आपल्याच गाडीचा खोकला हाय! त्या दिशी डाक्टरनं मोबाईलात धरला व्हता."

"गप ऱ्हा," मच्छिंद्र म्हणाला. "एवढंच तिचं सवताचं राहिलंय."

दुसरी पडताळणी शिर्डीच्या एका हॉटेलाच्या हिरवळीवर झाली. तिथं गुडघाभर उंचीची लाकडी टेकडी मांडली होती आणि गालिच्यासारखा चिखल अंथरला होता. जीपला शहाण्णव गुण पडले. डॉक्टर धर्माधिकाऱ्यांचे डोळे खरोखर पाणावले. "आता कशी अस्सल वाटते!" ते म्हणाले आणि त्यांनी मच्छिंद्रला मिठी मारली. प्रमाणपत्र चौकटीत घालून दिलं. त्याच्या मागच्या अटी मच्छिंद्रनं एसटीत नव्हे, आपल्याच जीपमध्ये बसून वाचल्या. सदर वाहन हा वारसा असल्याने ते कच्च्या रस्त्यावर, पाण्यात अथवा चढावर नेऊ नये, चारपेक्षा जास्त माणसे बसवू नयेत. अटींचा भंग झाल्यास वाहन तत्काळ भंगारात जमा होईल.

तरी जिवावर उदार होऊन त्यानं ती घरी न्यायचा प्रयत्न केला. ओढ्याच्या मधोमध, सह्यवीर थांबली होती त्याच जागी, जीपनंही परिस्थितीचं अचूक आकलन केलं. स्पीकर तेवढा दमदार वाजत राहिला. प्लॅस्टिकचा हूक हातात आला. बैलांनी शेवटी तिला मागे ओढली, वर नाही, आणि तेव्हापासून ती डांबर संपतं तिथं उभी आहे. वाडी पायी चालते. मागच्या पावसात रतनबाईला पान लागलं, तिला झोळीत घालून चौघांनी खाली आणली. ती वाचली, पण थोडक्यात. झोळी धरणाऱ्यांत मच्छिंद्र होता. जीपपाशी आल्यावर त्यानं मान वर केली नाही.

जीपची मात्र कीर्ती वाढते आहे. समितीनं तिथं फलक लावलाय. सह्यवीरवाले रविवारी मुद्दाम येतात, तिच्या शेजारी आपली गाडी लावून पाहतात आणि दोन्ही अगदी एकसारख्या दिसतात म्हणून समाधानानं परत जातात. जुन्याची सर नव्याला येते की नाही, हा वाद जिल्ह्यापुरता मिटला आहे.

तुम्हीही गेला होतात की, भंडारदऱ्याला जाताना. गाडी थांबवलीत, फलक वाचलात, जीपवर हात फिरवून म्हणालात, "काय मजबूत काम असायचं राव पूर्वी!" मग फोटो काढताना तुमच्या चौकटीत एक माणूस येत होता. डोक्यावर तांदळाचं पोतं होतं, घामेजला होता, वर वाडीहून चालत आलेला दिसत होता. तुम्ही त्याला अगदी सौजन्यानं म्हणालात, "काका, जरा बाजूला होता का? जीप नीट येत नाहीये."

तो बाजूला झाला. फोटो छान आलाय.