आधी खावं की नंतर?

सोपानराव रोज सकाळी प्रवरेतून बाहेर आले की अंग न पुसता तसेच सायकलवर बसत. पंचेचाळिशीचा, चांगला भरलेला गृहस्थ पाणी निथळत अकोल्याच्या पेठेतून सायकल हाणत निघालेला पाहून परगावच्या माणसाला वाटे, याचे कपडे कुणीतरी पळवले. गावाबाहेरच्या मारुतीला सायकल टेकवायची आणि तिथून घरापर्यंत पळत यायचं. मग कचेरीची वेळ झाली की सायकल आणायला पुन्हा चालत जायचं. मी शाळामास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. पळत आले की माझ्या दारात थांबून ते विचारत, "गुरुजी, आधी खावं की नंतर?"

ते मोजणी कचेरीत कारकून होते. गावातल्या तालमीनं तिहेरी शर्यत जाहीर केली होती. नदी पोहून जायची, सायकलवरून राजूरच्या रस्त्याला लागायचं आणि ठरलेल्या दगडापासून पळत वेशीत यायचं. पहिलं नाव सोपानरावांनी दिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "असंच."

पोहणं, सायकल, पळणं यातलं काहीच त्यांना अवघड वाटत नव्हतं. अडत होतं ते जेवणापाशी. "सगळा तोलाचा मामला आहे," ते म्हणत. तालमीचे वस्ताद म्हणाले, "दूध-बदाम घ्या, भाताला शिवू नका." डॉक्टर म्हणाले, "हलकं खा." समोरच्या अमिनाभाभी म्हणाल्या, "खाली पेट पळू नका भाऊ, खजूर खा." आणि सोपानरावांच्या पत्नी काशीबाई पडल्या डोंगराकडच्या, तिकडे घरोघरी सकाळ-संध्याकाळ भात. त्या म्हणाल्या, "भात सोडायचा असेल तर आधी मला माहेरी सोडून या."

सोपानराव कुणाचंच मन मोडत नसत. एके दिवशी तांब्याभर दूध पिऊन पाण्यात उतरले आणि निम्म्यातून परत आले. "बाहेर पाणी, आत दूध, मधे मी. तोल गेला, गुरुजी!" दुसऱ्या दिवशी उपाशी निघाले ते सायकलीसकट भाताच्या खाचरात गेले. एकादशीला तर उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी तीनदा घेतली आणि मारुतीच्या पारावर अशी झोप लागली की कचेरीतला शिपाई शोधत आला.

त्यांच्या नादानं माझंही डोकं फिरलं. शाळेला निघताना हातात भाकरी घेऊन मी दारात उभा राही. खाऊन शिकवावं की शिकवून खावं?

शर्यतीच्या दिवशी त्यांनी काय खाल्लं, देव जाणे. सगळ्यांचं थोडंथोडं खाल्लं असणार. नदी त्यांनी झकास पार केली. सायकलवरही ते पुढून तिसरे होते. मग पळणारे एकेक करून वेशीत आले, हार घालून झाले, वस्तादांचं भाषणही झालं. सोपानरावांचा पत्ता नाही. काशीबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. मी शर्यतीच्याच रस्त्यानं उलटा निघालो.

मैलभरावर दुष्काळी काम चालू होतं. पाऊस न झालेल्या पाथर्डीकडून आलेली माणसं रस्त्याकडेला खडी फोडत होती. तिथं बाभळीखाली सोपानराव बसले होते. हातात रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची अर्धी भाकरी, वर ठेचा. शेजारी एक म्हातारी.

"काय झालं? चक्कर आली?"

"आली थोडी. या मावशींनी थांबवलं."

म्हातारीच मला म्हणाली, "लई धापा टाकत हुता. म्या म्हनलं, दादा, घरी कुनी आजारी हाय का? त्याबिगर असं कोन पळतं? व्हय म्हनला, आन् मटकन खालीच बसला. म्हनलं, दोन घास खा, मंग जा."

आपली निम्मी भाकरी तिनं त्यांना दिली होती. सोपानरावांनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली, तिच्या पायाला हात लावला आणि उठले. आम्ही चालू लागलो.

"शर्यत आहे, असं मावशींना सांगवेना," ते म्हणाले. "आणि गुरुजी, मी अगदीच खोटं बोललो नाही. आम्हाला मुलगी होती. चार वर्षांची. तेव्हा आम्ही डोंगरात राहायचो. पुराचे दिवस, आणि तिला ताप चढलेला. डॉक्टर नदीपलीकडे. मला पोहता येत नव्हतं. लांबच्या पुलावरून पळत निघालो, तर निम्म्या वाटेत छाती भरून आली. बसलो. नुसता बसलो."

भिंतीला भिंत लागून तीन वर्षं राहत होतो, आणि मला वाटत होतं, या घराला मूलबाळच नाही.

"काशीला यातलं काही बोलू नका," ते म्हणाले. "तिला वाटतं, मी ते विसरलो. तसंच वाटू दे."

वळणावरून वेस दिसू लागली. गर्दी पांगली होती. काशीबाई तेवढ्या उन्हात कपाळावर हात धरून उभ्या होत्या. सोपानरावांनी तोंड पुसलं, छाती भरून श्वास घेतला आणि त्यांना दिसेल असे पळत सुटले.