टिश्यूचा रिपोर्ट

भित्रा माणूस मी नाही. केळीच्या बागेत नाग निघाला, तर हातभर काठीने बाजूला सारणारा हा जीवराम! म्हणून टाचेची जखम भरेना, तेव्हा जळगावच्या दवाखान्यात एकटाच गेलो. बायको लताबाई निघाली होती, तिला म्हटलं, "तू कायले येती?"

तिथे सुई नाही, सुरी नाही. पायावर लाल उजेड पाडला आणि कॅमेऱ्याने टिपला. तो उजेड म्हणे कातडीच्या आत जाऊन परत येतो आणि रक्त कुठवर पोचतं ते पडद्यावर रंगांत दिसतं. माझ्या टाचेशी निळा डाग होता, तो कशाचा ते कोणी सांगेना.

"साखर आहे तुम्हाला. टिश्यू नीट बघून रिपोर्ट फोनवर कळवतो," डॉक्टर म्हणाले.

गावातल्या गिरधरनानांचा पाय याच साखरेपायी गुडघ्यापासून गेला होता. घरी आलो, पण घास उतरेना. मग एका दुपारी फोन वाजला.

"जीवरामभाऊ? तुमच्या टिश्यूचा रिपोर्ट चांगला नाही."

"औषधाने बरं होईल ना?" मी विचारलं.

"नाही हो, व्हायरस आहे. मुळासकट उपटून टाका."

"उपटून? कापायचं नाही?"

"कापून भागत नाही. उपटा आणि लांब नेऊन जाळा."

मी दुसऱ्या पायाकडे बघितलं. "आणि शेजारचा?"

"शेजारचंही ठेवू नका. लागण झालेली असते."

"अहो, मग मी उभा कशावर राहू?"

"घाबरू नका. त्याच जागी नवीन लावा. वर्षभरात घड लागेल."

"पायाला?"

पलीकडचा सावकाश म्हणाला, "भाऊ, मी रोपांच्या लॅबमधून केळीचं बोलतोय. तुमच्या मुलाने, ललितने पानं तपासायला दिली होती ना?"

आमच्या असोद्यात टिश्यू म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली केळीची रोपं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण जीव टाचेत अडकला होता माझा! बाग जाणार हे ऐकून मी आनंदाने रडलो. लगेच पुन्हा धडकी भरली. पायाचा रिपोर्ट तर यायचाच होता.

तेवढ्यात लताबाई हात पुसत आली. "टिश्यूचा रिपोर्ट? तो तं काल सकायीच फोनवर आला. टिश्यू झकास आहे म्हने, रोज खोबऱ्याचं तेल चोया."

"मग सांगितलं का नाही?"

"मले वाटलं, केयीचं. कालपासून रोपांले तेल चोयू चोयू माहे हात दुखू राहिले."