शासनाची झाडं

हिराजीकाका फोटोसाठी उभे राहिले की शेजारचं आंब्याचं रोप हलतं, काका हलत नाहीत. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची टोपी, एक हात रोपावर, छाती पुढे. फोटो काढून झाला हे सांगायला त्यांना खांद्याला धरून हलवावं लागतं.

राई गावात आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून काकांचं भातशेत आहे. दोन्ही मुलांनी आपापले वाटे बिल्डरला दिले आणि आमच्याच टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहायला गेले. काका खालीच राहिले. अशात बांधावर फळझाडं लावण्याची सरकारी योजना आली. झाडं लावा, जगवा. दरवर्षी तपासणी होणार आणि जगलेल्या झाडांवर अनुदान मिळणार. मीरा-भाईंदरमध्ये अजून शेत आहे यावर कृषी ऑफिसचा आधी विश्वासच बसेना. काका चिखलाच्या पायांनी साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले, मग बसला.

तेव्हापासून ती झाडं काकांची राहिली नाहीत. "शासनाचं झाड हाय," हे वाक्य आम्ही उठता-बसता ऐकतो. कुत्री फिरवणाऱ्यांना ते हिंदीतून ऐकवतात, "सरकारी झाड है, इधर टांग ऊपर नहीं करने का." आता कुत्रीसुद्धा दुसरीकडे बघत पुढे जातात. धाकट्या मुलाकडे वास्तुशांत होती तेव्हा सुनेनं तोरणासाठी आंब्याची पानं मागितली. काकांनी ती बाजारातून विकत आणून दिली. झाड बोडकं दिसलं तर तपासणीत काय सांगायचं, असा त्यांचा सवाल होता.

तपासणी हा काकांचा सण. कृषी खात्याच्या मॅडम येणार म्हटलं की आदल्या दिवशी उत्तनहून सुके बोंबील येतात, सकाळपासून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जातात. मॅडमचं काम खरं तर झाडं बघून फोनवर फोटो काढण्याचं, पण काका त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाहीत. बाईही भल्या. खाडीचं पाणी यंदा कुठवर आलं, भात कोणतं लावलं, लावणीला माणसं मिळाली का, सगळं विचारतात. मग काकांची गाडी सुटते ती थांबत नाही. काकू गेल्यापासून मी त्यांना एवढं बोलताना फक्त त्याच दिवशी पाहिलंय. मुलं येतात, नाही असं नाही. पण ती शेताची चौकशी करतात ती चौरस फुटात.

योजनेची मुदत संपत आली, म्हणून यंदाची तपासणी शेवटची होती. साक्षीदार म्हणून काकांनी मला बोलावलं होतं. सगळी झाडं टवटवीत होती. फोटो झाले, जेवणं झाली. मॅडमनी काकांचं अभिनंदन केलं, अनुदान पूर्ण मिळणार म्हणाल्या. आता आमची फेरी नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी काकांची पाठ थोपटायला हात उचलला, तेवढ्यात ते खाली बघत हळूच म्हणाले, "मॅडम, एखादं झाड मेलं म्हनून लिवा ना."

"अहो काका, तुमचंच अनुदान कापलं जाईल."

"कापूं दे. पन मंग तुमाला परत यावा लागंल ना?"

शासनाच्या झाडाचं पान तोडू न देणारा माणूस अख्खं झाड मारायला निघाला होता. मॅडमना खोटं लिहिता येईना. पाणी पिण्याचं निमित्त करून त्या आणखी जरा वेळ बसल्या, मग गेल्या. काकांनी टोपी काढून तिची घडी घातली. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्या मुलांचा रागही आला.

पुढच्या रविवारी मी फोन घेऊन शेतावर गेलो. काका बनियनवर बांधाचं गवत काढत होते.

"काका, तपासणीला आलोय," मी म्हटलं. "यंदा भात कोणतं लावलंत?"

काकांनी विळा खाली ठेवला.

"थांब, टोपी घालून येतो," ते म्हणाले. "आन जेवल्याबिगर जायाचं न्हाय."