जुळलेली बेरीज

१९८८ सालच्या एप्रिल महिन्यात रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयाने ठरवले, की यापुढे शिक्षकांच्या बदल्यांची यादी टपालाने न येता मुंबईहून टेलिफोनच्या तारेतून थेट संगणकात उतरेल. वाटेत एखादे अक्षर बिघडले तर? त्याचीही सोय होती. मुंबईने यादीतल्या सगळ्या अक्षरांचे आकडे करून त्यांची बेरीज पाठवायची; इथल्या संगणकाने आपणहून तीच बेरीज करून बघायची. जुळली तर यादी खरी. नाही जुळली, तर संगणकच ती पुसून टाकणार. माणसाला यात कुठेच लुडबूड करता येत नसल्याने साहेब भलतेच खूश होते.

सावित्रीबाई सात वर्षे मंडणगडच्या डोंगरातल्या शाळेवर होत्या. लेक मुरुडला सासूबाईंकडे वाढत होती आणि आईला ‘मंडणगडची बाई’ म्हणू लागली होती. ते ऐकल्यापासून सावित्रीबाईंना घास गोड लागत नव्हता. मुरुडला बदली मंजूर झाल्याचे कळताच त्या रजा टाकून रत्नागिरीला नणंदेकडे येऊन राहिल्या. शुक्रवारपर्यंत यादी लागली नाही, तर सगळे पुढच्या वर्षावर जाणार होते.

सोमवारी दोनशे नावे उतरली. बेरीज चुकली.

“बाई, तुमचं नाव मी ह्या डोळ्यांनी बघितलंय,” संगणकावर बसणारा महिपत म्हणाला. “सावित्री, मुरुड. साफ दिसत होतं. पण मशीन नाय म्हणालं नि पुसलंन.”

“चुकलं काय?”

“कुणाच्या तरी नावापुढे टिंब आलं. घाटात वारा सुटला की लाईन खरखरते.”

“माझ्या नावापुढे नाही ना? मग मला सोडा की!”

साहेबांनी आतून सुनावले, “बाई, बेरीज सगळ्यांची मिळून असते. एकट्यादुकट्याची नसते.”

मुंबईचा सल्ला आला : यादी लांब आहे म्हणून चूक होते, आखूड करा. मंगळवारी शंभर नावे आली. चुकली. बुधवारी वीस; त्यात सावित्रीबाई होत्या आणि टिंबही होते. गुरुवारी एकच नाव आले. ते साहेबांच्या मेहुण्याचे निघाले, पण यंत्र निःपक्षपाती असल्यामुळे तेही पुसले गेले. त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

शुक्रवारी मुंबईने एकही नाव न घालता यादी पाठवली. तिकडची बेरीज शून्य, इकडची शून्य. पडद्यावर प्रथमच ‘मान्य’ उमटले. साहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले.

“साहेब, यात कुणीच नाही!” सावित्रीबाईंचा आवाज चढला.

“म्हणून तर चूक नाही.”

“आणि माझ्या लेकीला काय सांगू?”

“सांगा, आईची बदली झालेली नाही, आणि हे पूर्ण तपासलेलं आहे.”

सावित्रीबाईंनी पेढा तिथेच टेबलावर ठेवला आणि मंडणगडची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक बातमी आली : ‘बदल्यांच्या यादीत एकही चूक नाही.’ तुम्हीही ती चहाबरोबर वाचलीत, ‘अशी कामं व्हायला हवीत’ म्हणून मान डोलावलीत, आणि बदली झाली कुणाची, हे काही विचारले नाहीत.